मोटर कंट्रोल पॅनेलचे रेट्रोफिटिंग, नाशिक

कारखान्यातील मोटरी चालू-बंद करणारे आणि त्यांना संरक्षण देणारे जुने पॅनेल मोडीत न काढता, त्याचा सांगाडा, बसबार व केबल जागेवर ठेवून आतील काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले, ब्रेकर आणि नियंत्रणाची वायरिंग नवी बसवण्याच्या कामाला रेट्रोफिटिंग म्हणतात. बसबार म्हणजे पॅनेलभर वीज वाहून नेणारी धातूची जाड पट्टी; काँटॅक्टर हा मोटर चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच; ओव्हरलोड रिले जास्त भार आल्यास मोटर थांबवतो, तर ब्रेकर शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडतो. अनेक मोटरींचे फीडर, म्हणजे प्रत्येक मोटरीच्या पुरवठ्याचे कप्पे, एका रांगेत असलेल्या मोठ्या पॅनेलला मोटर कंट्रोल सेंटर, म्हणजे बोलीत एमसीसी, म्हणतात. नाशिकमध्ये सातपूर, अंबड आणि सिन्नर परिसरातील कारखान्यांत हे काम नित्याचे आहे.

या पद्धतीमागचे कारण साधे आहे. पॅनेलमधील सर्व भाग एकाच वेगाने झिजत नाहीत. पत्र्याचा सांगाडा आणि तांब्याची बसबार कोरड्या, स्वच्छ जागेत अनेक दशके टिकते. काँटॅक्टर मात्र दर वेळी चालू-बंद होताना ठिणगी सोसतो; त्याचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे तुकडे, खड्डे पडून चिकटतात, कॉइल जळते. थेट चालू केलेली मोटर सुरुवातीला पूर्ण भाराच्या सहा ते आठ पट प्रवाह ओढते, आणि तो धक्का याच पॉइंटांवर बसतो. शिवाय जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात. म्हणून एका कॉइलसाठी लाइन बंद ठेवण्याची वेळ येते. अशा पॅनेलमध्ये जे झिजले तेवढेच बदलणे शहाणपणाचे असते. अट एकच, उरलेले खरोखर धडधाकट आहे हे आधी मोजून पाहिले पाहिजे.

मोजणीत पहिला प्रश्न शॉर्टसर्किटचा असतो, आणि नेमका तोच सर्वाधिक वेळा राहून जातो. कारखाना वाढतो, ट्रान्सफॉर्मर मोठा येतो, पॅनेल तेच राहते. १००० केव्हीए, ५ टक्के इम्पिडन्सच्या (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरच्या ४१५ व्होल्टच्या बाजूला दोष झाल्यास सुमारे २८ किलोअँपिअर प्रवाह वाहू शकतो; तितक्याच इम्पिडन्सच्या ५०० केव्हीएला हाच आकडा १४ असतो. जुनी बसबार आणि तिचे आधार १४ साठी बनवलेले असतील, तर नवे ब्रेकर बसवूनही पॅनेल सुरक्षित होत नाही. अशा ठिकाणी संपूर्ण पॅनेल बदलणे हाच मार्ग. आधार तडकले असतील, सांध्यांवर तापल्याचे काळे डाग असतील, किंवा प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) आम्लवाफांनी तांबे खाल्ले असेल, तरीही हाच निर्णय योग्य. भार असताना थर्मल कॅमेऱ्याने सांधे तपासणे आणि बंद असताना मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने इन्सुलेशन पाहणे ही किमान तपासणी होय.

ब्रेकर, काँटॅक्टर आणि ओव्हरलोड एकमेकांना जुळणारे घ्यावे लागतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६०९४७-४-१ या मानकात या जुळणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात शॉर्टसर्किटनंतर स्टार्टर, म्हणजे काँटॅक्टर व ओव्हरलोडची जोडी, बदलावा लागला तरी चालते. दुसऱ्यात तो पुन्हा वापरण्याजोगा राहिला पाहिजे, फक्त पॉइंट हलके चिकटलेले चालतात. सलग चालणाऱ्या लाइनसाठी दुसरा प्रकारच मागावा. पॅनेलच्या मूळ रचनेची पडताळणी आयईसी ६१४३९ प्रमाणे झालेली असली, तरी आत वेगळे भाग बसवल्यावर ती आपोआप लागू राहत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे कंत्राटदाराचे कर्तव्य आहे.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा) काढून व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवणे हा रेट्रोफिटिंगचा सर्वात लाभदायक भाग, आणि चुका होण्याचाही. पंखे व सेंट्रिफ्यूगल पंपांना लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती निम्म्याच्या आसपास येते. ज्या पंपाला मुख्यतः उंचीवर पाणी चढवायचे असते, तिथे एवढी बचत होत नाही. कन्व्हेयर किंवा एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राला तर या हिशेबाने काहीच मिळत नाही. तिथे मोटर फक्त हळूवार सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर पुरतो. स्टार-डेल्टाच्या मोटरीला सहा तारा येतात. व्हीएफडी लावताना त्या मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्येच डेल्टात जोडाव्या लागतात. मोटरीजवळ पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर असेल तर तो आधी काढावा, कारण व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये राहिलेला कपॅसिटर ड्राइव्ह निकामी करतो. जुन्या मोटरीचे इन्सुलेशन व्हीएफडीच्या व्होल्टेजच्या झटक्यांसाठी बनलेले नसते, आणि कमी वेगात तिचा स्वतःचा पंखा तिला थंड ठेवू शकत नाही. लांब केबल असल्यास हे झटके सौम्य करणारी कॉइल, म्हणजे आउटपुट चोक, लावावा.

नाशिकला या कामाची विशेष सोय आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर इथे उभ्या राहिलेल्या वसाहतींत स्विचगिअर (ब्रेकर, काँटॅक्टर यांसारखी उपकरणे) बनवणारे मोठे कारखाने आले, आणि त्यांच्याभोवती पत्राकाम, पावडर कोटिंग, बसबार वाकवणे, प्लेटिंग व पॅनेल वायरिंग करणारे छोटे उद्योग वाढले. त्यामुळे जुन्या कप्प्यात नेमकी बसेल अशी ट्रॉली (आत-बाहेर सरकणारा भाग) किंवा माउंटिंग प्लेट बनवून घेणे इथे अवघड जात नाही. नवी टर्मिनल जुन्या केबलच्या टोकापर्यंत आणणे हे या कारागिरीचे खरे मोल. केबल दोन इंच आखूड पडली की जोड द्यावा लागतो आणि तिथेच पुढे तापते.

कामाची वेळ हंगाम ठरवतो. दिंडोरी-निफाडकडील द्राक्षांची पॅकहाउसे व शीतगृहे काढणी संपल्यावर, साखर कारखाने गळीत संपल्यावर आणि अभियांत्रिकी कारखाने दिवाळीच्या शटडाऊनमध्ये पॅनेल उघडतात. सगळे एकदम न उघडता एकेक फीडर बदलत गेल्यास उत्पादन फारसे अडत नाही, मात्र जिवंत बसबारजवळ हात घालण्याचा मोह टाळलाच पाहिजे. लॉक लावून, व्होल्टेज नाही याची खात्री करून आणि अर्थिंग देऊनच काम व्हावे. शेवटी नवी ड्रॉइंग पॅनेलच्या दारात ठेवावीत आणि ओव्हरलोडची सेटिंग प्रत्येक मोटरीच्या नेमप्लेटवरील प्रवाहाशी जुळवून नोंदवावी. जुन्या रिलेची सेटिंग तशीच उतरवून घेऊ नये.