समुद्रघोड्याचा आसरा आणि २००१ चा निर्णय

समुद्रघोडा पोहण्यात दुबळा असतो. पाठीवरचा छोटा पर फडफडवत तो कसाबसा पुढे सरकतो आणि सागरी गवताच्या पात्याला किंवा खारफुटीच्या मुळाला शेपटीचा वेढा देऊन भरती-ओहोटीत टिकून राहतो. त्यामुळे पाते उपटले गेले की त्याचा आधारच जातो. स्लोव्हेनियात सापडलेले त्याचे जीवाश्म सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, मात्र त्याच्या संरक्षणाबद्दलचा आजचा वाद गेल्या पंचवीस वर्षांतला आहे.

जुलै २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, समुद्रघोड्याचा समावेश झाला. त्याच वेळी सर्व शार्क व पाकट माशांवरही बंदी आली, परंतु मच्छीमारांच्या विरोधानंतर डिसेंबरमध्ये ती मोजक्या प्रजातींपुरती उरली. समुद्रघोड्याबाबत मात्र काहीच बदलले नाही. हेतू योग्यच होता, कारण वाळवलेल्या समुद्रघोड्याला पूर्व आशियातील पारंपरिक औषधांसाठी मोठी मागणी होती. तरीही कोळंबीसाठी तळ खरवडत नेलेल्या ट्रॉलच्या जाळ्यात तो न मागता येतो, आणि बाळगणेच गुन्हा ठरल्यावर मेलेला समुद्रघोडा मुकाट्याने पाण्यात फेकला जातो व त्याची नोंद कुठेच राहत नाही. त्याच जाळ्याने उखडलेल्या गवताबद्दल तो निर्णय गप्प आहे. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे, त्याला मुळे असतात आणि फुलेही येतात. किनारी नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील क्षेत्रांमध्ये खारफुटी व प्रवाळ होते, तर सागरी गवताचा स्पष्ट उल्लेख २०११ मध्ये आला. म्हणजे प्राण्याला संरक्षण मिळाल्यानंतर त्याच्या घराचे नाव कागदावर यायला दहा वर्षे लागली, ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

ठाणे खाडी मुख्यतः गाळाची आणि तिवरांची आहे. ऐरोलीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी तिवरांची श्वासमुळे पेन्सिलींसारखी गाळातून वर आलेली दिसतात. भारतीय किनाऱ्यावरील 'हिप्पोकॅम्पस कुडा' ही समुद्रघोड्याची प्रजाती खाड्यांमध्ये व खारफुटीतही राहते, म्हणून अशा किनाऱ्याचा विचार या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. २०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १७ चौरस किलोमीटर भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. या अभयारण्याला नाव मात्र फ्लेमिंगोचे आहे. गाळाखालच्या आणि पाण्यातल्या जिवांची गणना पक्ष्यांइतक्याच नेमाने व्हायला हवी, आणि त्यासाठी खाडीत रोज डोल (पिशवीसारखे जाळे) लावणाऱ्या कोळ्यांना जाळ्यात आलेले निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे.