सायबर बुलिंग (किशोरवयीन मुलांमधील)

मोबाइल, समाजमाध्यमे, चॅट ग्रुप किंवा ऑनलाइन गेमच्या आधारे एखाद्या मुलाला वा मुलीला जाणूनबुजून त्रास देणे म्हणजे सायबर बुलिंग. शाळेतल्या दादागिरीचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने स्कँडिनेव्हियात सुरू केला. त्याने तीन कसोट्या घालून दिल्या : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोघांच्या बळातली तफावत. ऑनलाइन जगात यांपैकी शेवटच्या दोन डळमळतात. फोटो एकानेच आणि एकदाच टाकलेला असतो. पुनरावृत्ती करतात ती तो पुढे पाठवणारी वर्गातली बाकीची मुले. आणि बळ म्हणाल तर ते दंडात नसते, ज्याच्याकडे स्क्रीनशॉट आहे त्याच्याकडे असते.

प्रकार बरेच आहेत. फेक अकाउंट उघडणे, मीम बनवणे, जात, रंग किंवा शरीरावरून कॉमेंट करणे, विश्वासाने सांगितलेले चॅट फिरवणे, शाळा-कॉलेजच्या निनावी ‘कन्फेशन’ पेजवर नाव घेऊन काहीबाही लिहिणे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप वापरून नग्न छायाचित्रे तयार करणे. एखादीला सोडून बाकी सगळ्यांचा नवा ग्रुप काढणे हाही छळच, पण तक्रारीत मांडता येईल असा पुरावा त्यातून हाती लागत नाही. त्रास देणारा परका असतो ही समजूत बहुतेक वेळा चुकते. तो त्याच वर्गातला, कित्येकदा कालपरवापर्यंतचा जिवलग मित्र असतो. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की जीभ सैल सुटते. जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या मोकाटपणाची मानसशास्त्रीय मांडणी केली.

युनिसेफने २०१९ मध्ये ३० देशांतल्या तरुणांना विचारले, तेव्हा तिघांपैकी एकाने ऑनलाइन छळ सोसल्याचे आणि पाचांपैकी एकाने त्यापायी शाळा बुडवल्याचे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शालेय वयातल्या साधारण सहांपैकी एका मुलाला हा अनुभव आलेला होता.

वर्गातली दादागिरी निदान शाळा सुटल्यावर थांबत असे. हा छळ उशाशी येऊन झोपतो. झोप उडणे, डोके-पोट दुखणे, शाळेचे नाव काढताच टाळाटाळ, गुण घसरणे, चिडचिड, नैराश्य आणि काही मुलांत स्वतःला इजा करण्याचे विचार असे परिणाम अभ्यासांत वारंवार नोंदले गेले आहेत. मात्र यातले कारण आणि परिणाम सरळ रेषेत मांडता येत नाहीत, कारण आधीच खचलेले, एकटे पडलेले मूल छळाला अधिक सहज सापडते. सर्वांत वाईट अवस्था त्यांची, जी स्वतः छळ सोसतात आणि दुसऱ्याचा छळही करतात. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात घरच्यांबरोबर रात्रीचे जेवण नियमित घेणाऱ्या मुलांमध्ये या छळाचा मनावरचा परिणाम कमी आढळला. जेवणात औषध नव्हते. बोलायला जागा होती, इतकेच.

ती जागा बहुतेक घरांत नसते. मूल गप्प राहते याचे एक मोठे कारण साधे आहे : सांगितले की आधी फोन काढून घेतला जाईल. म्हणजे शिक्षा सोसणाऱ्यालाच. शाळाही पुष्कळदा ‘हे शाळेबाहेर घडले’ म्हणून हात झटकते आणि त्रास देणारी मुले ‘मजा चालली होती’ म्हणून मोकळी होतात.

भारतात सायबर बुलिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ त्रासदायक संदेशांना लागू होत असे; पण नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर व्यक्त झालेल्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा ते किती सैल आहे हे देशाला दिसले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. ते योग्यच झाले, पण त्या जागी मुलांसाठी नेमके असे काही आले नाही. आता खाजगीपणाचा भंग (६६ इ), ओळख चोरणे (६६ क), बालकांचे लैंगिक चित्रण (६७ ब) आणि पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांची जुळवाजुळव करावी लागते. भारतीय न्याय संहितेतले पाठलागाचे कलम ७८ पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलाग एवढाच गुन्हा मानते, त्यामुळे छळ होणाऱ्या मुलग्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय आरोपीही बहुधा अठरा वर्षांखालचा असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. ब्लॉक करण्याआधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवावी. रागाच्या भरात सगळे डिलीट केले की पुरावाही जातो. नग्न फोटो असेल तर मात्र तो कोणालाही, शिक्षकांनासुद्धा, पुढे पाठवू नये.

प्रतिबंधाचे सर्वांत विचारपूर्वक काम फिनलंडमध्ये झाले. तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ कार्यक्रम छळणारा आणि छळलेला यांच्याइतकाच बघ्यांवर भर देतो : हसणारे, फॉरवर्ड करणारे आणि गप्प बसणारे. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकसारख्या माध्यमांवर खाते ठेवता येत नाही. व्हॉट्सॲपला मात्र त्या बंदीतून सुरुवातीलाच वगळले गेले, आणि वर्गाचे ग्रुप चालतात ते अशाच ॲपवर.