उसाचा तुरा आणि जानकी अम्माळ

दिवाळी सरली की आमच्या करवीर तालुक्यात उसाला तुरे येतात. सकाळच्या उन्हात रानभर चंदेरी पिसारा हलत असतो. पाहुण्यांना ते दृश्य देखणे वाटते, पण आबांच्या कपाळाला आठी पडते. "तुरा आला, आता वजन गेलं बघ," असे ते म्हणतात, आणि ते खरेच आहे. तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते, नवी कांडी धरत नाही. तोड लांबली तर उसाला आतून दशी पडू लागते, म्हणजे गाभा पोकळ होत जातो.

तरीही या तुऱ्याबद्दल मला फार माया आहे. तो नसता तर आबांच्या रानात शहाऐंशी झिरो बत्तीस ही उसाची जात आलीच नसती.

ऊस आपण बियांनी लावत नाही, बेण्याने लावतो. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबायची, पाणी द्यायचे. डोळ्यातून उगवतो तो नवा जीव नसतो, त्याच उसाचा पुढचा तुकडा असतो. म्हणजे कागलपासून शिरोळपर्यंत को ८६०३२ चे जेवढे ऊस उभे आहेत, ते सगळे मुळात एकाच बीमधून उगवलेल्या एकाच रोपाचे तुकडे आहेत. नावातला 'को' हा कोइमतूरचा आणि ८६ हे १९८६ साल. टिश्यू कल्चरची रोपे म्हणजे नवी जात, असा समज गावोगाव ऐकू येतो. तो चुकीचा आहे. शेंड्याचा अगदी कोवळा भाग काचेच्या बाटलीत वाढवून बेणे रोगमुक्त करता येते, आणि बेणेमळ्यासाठी ते मोलाचे आहेच. पण जात तीच राहते. नवी जात हवी असेल तर बहुतेक वेळा तुऱ्यातले परागकण दुसऱ्या तुऱ्यावर पडून बी धरावे लागते.

हे काम आपल्या देशात नेटाने सुरू झाले ते १९१२ साली, कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाल्यावर. जाड, रसाळ, गोड ऊस उत्तरेकडच्या थंडीत तग धरत नव्हता. तेव्हा केंद्रातले शास्त्रज्ञ चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी त्याचा संकर चक्क कांसाशी केला. कांस म्हणजे पावसाळा सरताना नदीकाठी पांढरे तुरे काढणारे रानगवत. त्यात साखर नावाला, पण चिवटपणा अफाट. त्यातून निघालेला को २०५ हा १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला.

गवताशी सोयरीक करूनही गोडी टिकली कशी? याचे उत्तर गुणसूत्रांत आहे. गोड उसाच्या पेशीत ८० गुणसूत्रे असतात. आई निम्मी देते, बाप निम्मी, हा सृष्टीचा नेहमीचा नियम. त्या हिशेबाने उसाने ४० द्यायला हवीत. पण बाप कांस असला की ऊस आपली ८० च्या ८० लेकराला देऊन टाकतो. कोइमतूरच्या कांसाची ६४, त्यातली निम्मी ३२. म्हणून को २०५ ची गुणसूत्रे भरतात ११२. त्या लेकराचा पुन्हा गोड उसाशी संकर केला तरी आईचा वाटा मोठाच राहतो, आणि दोन-तीन पिढ्यांत रानवटपणा मागे हटून साखर परत येते. मला वनस्पतिशास्त्रात याहून सुंदर गोष्ट ठाऊक नाही.

ही मोजणी डोळ्यांनी करायची असते. कॉलेजात असताना मी ती एकदा केली आहे. टिपरीला फुटलेल्या पांढऱ्या मुळाचे टोक कापायचे, रंगात बुडवायचे, काचेवर अंगठ्याने दाबून पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. जांभळ्या काड्यांचा नुसता गुंता दिसतो, एकीवर दुसरी चढलेली. माणसाची ४६ मोजणे त्यामानाने सोपे. आजच्या संकरित उसाची मोजताना शंभराच्या पुढे जायचे असते.

१९३४ साली कोइमतूरला रुजू झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांनी ही मोजणी आपले आयुष्यच करून घेतली. जन्म १८९७ चा, केरळातल्या तलश्शेरीचा. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. ठिकठिकाणचे कांस तपासून त्यांनी दाखवले की दिसायला सारख्या गवतात गुणसूत्रांची संख्या जागोजागी वेगळी असते. पैदासकारांना याचा अर्थ ताबडतोब कळतो: कुठला बाप निवडायचा, हे आता अंदाजाने ठरवायचे नव्हते. त्यांनी ऊस आणि मका यांचाही संकर घडवला आणि १९३८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तो जाहीर केला. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तिथे गुणसूत्रांचे अभ्यासक डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ मध्ये काढला, आणि १९५१ च्या सुमारास नेहरूंच्या निमंत्रणावरून परतल्या. १९८४ मध्ये जाईपर्यंत त्यांचे संशोधन थांबले नाही.

उसाचा गुंता इतका दाट, की सविस्तर जनुकीय नकाशा निघायला २०२४ उजाडले. तोवर भाताचा, मक्याचा, गव्हाचाही निघून गेला होता.

आमच्याकडच्या तुऱ्यात बी बहुधा धरत नाही, रात्रीच्या गारठ्यात परागकण नापीक राहतात. पण आजऱ्यावरून घाटमाथ्याला आंबोलीत गेलात तर हवा वेगळी, आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ऊस प्रजनन केंद्र तिथेच आहे. तुऱ्यातले बी कापसाच्या धाग्याला चिकटलेल्या कणाएवढे असते. त्यातून हजारो रोपे उगवतात, प्रत्येक वेगळे. टनेज, साखरेचा उतारा, रोग, खोडवा (तोडीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटणारे पीक) असे एकेक पाहत बहुतेक काढून टाकतात. उरलेल्यातून एखादी जात शेतकऱ्याच्या सरीत यायला दहा-बारा वर्षे सहज जातात.

आबांना मी हे सांगितले. ते बांधावर उभे राहून तुऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग एक तुरा वाकवून त्यांनी त्याचा कापूस बोटांनी चोळून पाहिला.