ग्रे बेबी सिंड्रोम

क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या विषबाधेमुळे नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये उद्भवणारी जीवघेणी अवस्था. व्हेनेझुएलाच्या मातीतील जिवाणूपासून १९४७ मध्ये मिळालेले हे औषध १९४९ मध्ये ‘क्लोरोमायसेटिन’ नावाने बाजारात आले. विषमज्वरावर ते रामबाण ठरले आणि मग सढळ हाताने वापरले जाऊ लागले.

गर्भजलाची पिशवी फुटून २४ तासांहून अधिक काळ लोटल्यावर जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्गाच्या धास्तीने आधीच प्रतिजैविके देत. लॉस एंजेलिसमधील बर्न्स, हॉजमन व कॅस यांनी १९५९ मध्ये अशा बाळांच्या चार गटांची तुलना प्रसिद्ध केली. कोणतेही प्रतिजैविक न दिलेल्या गटात १९ टक्के, पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या गटात १८ टक्के, क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या गटात ६० टक्के, तर तिन्ही औषधे दिलेल्या गटात ६८ टक्के बाळे दगावली. औषधाविना ठेवलेला गट नसता, तर हे मृत्यू बहुधा संसर्गाच्याच खाती जमा झाले असते.

प्रौढांचे यकृत या औषधाला ग्लुक्युरॉनिक अम्लाची जोड देऊन ते निष्प्रभ करते व मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. नवजात बाळात त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) तुटपुंजे असते, मूत्रपिंडेही कच्ची असतात. त्यामुळे औषध रक्तात साचत जाते आणि पेशींतील मायटोकॉन्ड्रियांचे, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचे, काम बिघडवते. सुरुवातीला बाळ दूध ओढत नाही, उलट्या करते, पोट फुगते. पुढे अंग गार व लुळे पडते, कातडी राखेसारखी करडी दिसते आणि रक्ताभिसरण कोलमडते. औषध ताबडतोब थांबवणे हाच पहिला उपाय. गंभीर अवस्थेत रक्त बदलतात. आज पर्याय असताना नवजात बाळाला हे औषध टाळतात. द्यावेच लागले तर मात्रा दिवसाला दर किलो वजनामागे २५ मिग्रॅ.च्या आसपास ठेवून रक्तातील पातळी मोजत राहतात.

ग्रे बेबी सिंड्रोम हा मूलतः रक्तविकार नव्हे. मात्र याच औषधाचे रक्तावर दोन वेगळे दुष्परिणाम होतात. एकात मात्रा वाढल्यामुळे अस्थिमज्जेचे (हाडांतील रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचे) काम मंदावते व औषध थांबवल्यावर ते सहसा पूर्ववत होते. दुसरा अतिशय विरळ, पण बहुधा प्राणघातक असा, रक्तपेशींची निर्मितीच खुंटवणारा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. तो मात्रेवर अवलंबून नसतो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही प्रकट होऊ शकतो.