पार्श्वभूमी: संगणक येण्याआधीची ग्रंथ-देवघेव

ग्रंथालयाच्या देवघेव विभागाला कायम तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. अमुक पुस्तक कोणाकडे आहे? आज कोणती पुस्तकं परत यायला हवीत? अमुक वाचकाकडे काय काय आहे? संगणकापूर्वीच्या कुठल्याही हाती पद्धतीला ही तिन्ही उत्तरं झटपट देता आली नाहीत. एका उत्तराची सोय करायची तर दुसऱ्यावर पाणी सोडावं लागे.

सुरुवातीला साधी रोजकीर्द असे. दिवसभरात गेलेली पुस्तकं एकाखाली एक लिहायची, परत आलं की ती ओळ शोधून खोडायची. रोज वीस-पंचवीस पुस्तकं जात तोवर हे निभलं, पण वाचक वाढले की ती ओळ शोधण्यातच वेळ जाई. मग खतावणी आली. त्यात प्रत्येक वाचकाला एक पान असल्याने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळे. पुस्तक कोणाकडे आहे हे पाहायला मात्र सगळी पानं चाळावी लागत.

ब्रिटनमध्ये १८७०च्या दशकात वेगळाच मार्ग निघाला. तेव्हा वाचकांना कपाटांपर्यंत जायची मुभा नव्हती. ग्रंथपाल आल्फ्रेड कॉटग्रीव्ह यांच्या ‘इंडिकेटर’ नावाच्या फळ्यात प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकाला एक बारीक कप्पा होता. पुस्तक आत आहे की बाहेर, हे कप्प्यातल्या पट्टीच्या रंगावरून वाचकाला बाहेरूनच कळे. १८९४ मध्ये ग्रंथपाल जेम्स डफ ब्राउन यांनी लंडनच्या क्लार्कनवेल ग्रंथालयात कपाटं वाचकांना खुली केली. मुक्तद्वार पद्धत पसरत गेली तशी या फळ्यांची गरज संपली.

खरा बदल अमेरिकन ग्रंथपाल नीना ब्राउन यांच्या १८९५च्या पद्धतीने झाला. तिच्यात देताना काही लिहावंच लागत नाही. पुस्तकाच्या आतल्या खिशात पुस्तकपत्र, म्हणजे त्या पुस्तकाचं छोटं कार्ड असतं. त्यावर दाखलअंक (ग्रंथालयात येताना प्रत्येक प्रतीला मिळालेला वेगळा क्रमांक), वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक), लेखक आणि नाव. वाचकाला जितकी पुस्तकं नेता येतात तितकी खिशासारखी तिकिटं त्याच्या नावावर असतात. पुस्तक देताना पुस्तकपत्र तिकिटात घालायचं, पुस्तकातल्या तारखेच्या पट्टीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा आणि ही जोडी ट्रेमध्ये त्या तारखेच्या मार्गदर्शक पत्रामागे (तारीख लिहिलेल्या उंच कार्डामागे) दाखलअंकाच्या क्रमाने लावायची. परत घेताना शिक्क्याची तारीख आणि दाखलअंक पाहून जोडी काढायची; पत्र पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हाती. मुदत टळलेली पुस्तकं ट्रेमध्ये आपोआप वेगळी पडतात. वाचकाकडे काय आहे, हे मात्र ही पद्धत सांगत नाही.

घोटाळे बहुतेक दोनच कारणांनी होत. सकाळी शिक्क्याची तारीख पुढे सरकवायची राहिली, तर पुस्तकावर एक तारीख आणि ट्रेमध्ये दुसरी. परतीच्या वेळी जोडी सापडत नाही आणि तिकिटासाठी रांग खोळंबते. म्हणून दार उघडण्याआधी शिक्का कोऱ्या कागदावर मारून पाहणं हे पहिलं काम. दुसरं कारण जास्त त्रासाचं: एकाच पुस्तकाच्या दोन प्रती एकदम परत आल्या की पत्रांची अदलाबदल होते. नाव तेच असल्याने ती लक्षात येत नाही. पुढच्या वेळी प्रत क्रमांक दोन बाहेर जाते आणि ट्रेमध्ये लागतं पहिल्या प्रतीचं पत्र. त्यामुळे पत्र खिशात घालताना नाव नव्हे, दाखलअंकच जुळवायचा.

अमेरिकेत रूढ झालेल्या नेवार्क पद्धतीत पुस्तकपत्रावर वाचकाचा क्रमांक लिहीत आणि वाचकाच्या कार्डावर तारखेचा शिक्का मारीत. पुस्तक किती फिरलं याची नोंद आयती मिळे. पण ते कोणी कोणी वाचलं हेही त्याच पत्रावर राही, आणि वाचकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने ही उणीव गंभीर वाटते.

१९४०च्या सुमारास ग्रंथपाल राल्फ शॉ यांनी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी इथे छायाचित्रणाची पद्धत आणली. वाचकाचं कार्ड, पुस्तकाची ओळख आणि अनुक्रमांकाचं पत्र यांचा एकत्र फोटो सूक्ष्मफिल्मवर (मायक्रोफिल्मवर) घ्यायचा आणि अनुक्रमांकाचं पत्र पुस्तकात ठेवायचं. परत आलेली पत्रं क्रमाने लावली की जो आकडा गायब, ते पुस्तक परत आलेलं नाही हे कळे; मग तेवढ्यापुरतीच फिल्म पाहायची. रांग हलकी झाली, पण पुस्तक कोणाकडे आहे हे फिल्मवर शोधणं जवळपास अशक्य. त्यामुळे राखीव, म्हणजे दुसऱ्या वाचकांनी आधीच मागणी नोंदवलेल्या पुस्तकांची यादी टेबलावर ठेवून परत येणारं प्रत्येक पुस्तक तिच्याशी ताडून पाहावं लागे.