टेप खोक्याला लावा, फर्निचरला नको
(स्वतः घर हलवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून खोकी, ब्लँकेट आणि ट्रॉली नेणाऱ्यांचे सामान हलवून झाल्यावर फोन येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच : पॉलिशवर राहिलेला टेपचा गोंद कसा काढायचा? उत्तर पुढे दिलं आहे, पण खरं तर ती वेळच येऊ नये.

कपाटाचं दार वाटेत उघडू नये, खण सरकून बाहेर येऊ नये म्हणून खाकी टेप सरळ लाकडावर मारला जातो. हा टेप पुठ्ठ्याची खोकी बंद करण्यासाठी असतो. पुठ्ठा फाटला तरी चालेल पण टेप सुटता कामा नये, असा त्याचा गोंद. उन्हात टेम्पो तापला की हा गोंद मऊ होऊन पृष्ठभागावर पसरतो. मग टेप ओढला की गोंद मागे राहतो, नाहीतर पॉलिशच निघून येतं. पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) फर्निचर असेल तर वरचा कागदी थर टेपबरोबर सोलला जातो, आणि त्याला दुरुस्ती जवळजवळ नाहीच.

म्हणून आधी ब्लँकेट, त्यावर स्ट्रेच फिल्म (ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक), आणि टेप लागलाच तर फिल्मवर. स्ट्रेच फिल्म स्वतःलाच धरून बसते, त्यामुळे शेवटचं टोक हाताने दाबलं तरी पुरतं. मात्र फिल्मसुद्धा थेट पॉलिशवर गुंडाळू नका. आत दमटपणा कोंडला तर पांढुरके चट्टे उठतात. बबल रॅपचंही तसंच. दाब आणि उष्णता मिळाली की फुग्यांचे गोल ठसे उमटतात. मध्ये कापड किंवा कोरा कागद हवाच. नव्या घरी पोचल्यावर बाकी काही सोडलं नाही तरी फर्निचर त्याच दिवशी सोडा.

खण शक्यतो काढूनच न्या, उचलणाऱ्यांचे हात दुवा देतील. कपाटाला कुलूप असेल तर लावा आणि किल्ली खिशात ठेवा. ती आतल्या खणात ठेवून कपाट बंद करणारेही भेटतात!

घरच्या जुन्या चादरी चालतील का, असंही विचारतात. चालतील. दुहेरी करून घाला आणि कोपऱ्यांना पुठ्ठा लावा, कारण पहिला मार कोपऱ्यालाच बसतो. आमची ब्लँकेट जाड आणि शिवलेली असल्याने कोपऱ्यावरही टिकतात, एवढाच फरक.

टेप चिकटलेलं ब्लँकेट परत आलं की आम्ही डिपॉझिटमधून रक्कम कापतो. काहींना ते खटकतं. पण तो गोंद धुऊन जात नाही, त्याला वाळूचे कण चिकटतात, आणि तेच ब्लँकेट पुढच्या माणसाच्या टेबलावर ओरखडे पाडतं. असं ब्लँकेट आम्ही पुन्हा कोणाला देत नाही. तुम्हाला दिलेलं स्वच्छ असतं, ते यामुळेच.

आता गोंदाचं. हेअर ड्रायरने टेप कोमट करा, टोक उलटं दुमडून अगदी सावकाश ओढा. उरलेल्या गोंदावर कापसाने थोडं खाद्यतेल लावा, जरा वेळाने मऊ फडक्याने पुसा. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा. थिनर किंवा स्पिरिटला हात लावू नका : स्पिरिटमध्ये लाखेचं पॉलिश विरघळतं, थिनरमध्ये लॅकरचं.

बाकीचं थोडक्यात. काचेवर टेपची फुली मारल्याने काच वाचत नाही, फुटली तर तुकडे विखरत नाहीत इतकंच. काच आडवी नको, उभी न्या. फ्रीजही उभाच. आडवा न्यावाच लागला तर नंतर काही तास उभा ठेवून मग सुरू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येईल. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ड्रम अडकवणारे बोल्ट जपून ठेवले असतील तर ते आधी बसवा. पुस्तकं लहान खोक्यांतच भरा.

येताना मोठ्या वस्तूंची यादी आणा, किती ब्लँकेट आणि फिल्म लागेल ते आम्ही काढून देतो. सील न फोडलेले रोल परत घेतो, त्यामुळे एखादा जास्त नेलेला बरा.