नावरस नाव

(जन्मनाव, राशीनाव). जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात (चौथ्या भागात) असतो, त्या चरणाला पंचांगात नेमून दिलेल्या अक्षरापासून सुरू होणारे नाव. ‘नावरस’ हा शब्द ‘नाव’ व ‘रास’ यांच्या जोडणीतून आला असावा. हाकेचे नाव बहुधा वेगळे असते. नावरस नाव पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिलेले राहते आणि धर्मकृत्यांपुरते उच्चारले जाते.

नक्षत्रावरून नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. श्रविष्ठा, फल्गुनी, अनुराधा, स्वाती इत्यादी नक्षत्रांवर जन्मलेल्यांची नावे कशी साधावीत याचा नियम पाणिनीने दिला आहे (अष्टाध्यायी ४.३.३४). आश्वलायन गृह्यसूत्रात (घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात) पुरुषांची नावे समाक्षरी (सम संख्येच्या अक्षरांची) व स्त्रियांची विषमाक्षरी असावीत असे म्हटले आहे. वडीलधाऱ्यांना वंदन करताना सांगायचे ‘अभिवादनीय’ नाव उपनयनापर्यंत फक्त आईवडिलांना ठाऊक असावे, असेही तेथे सांगितले आहे. नावरस नाव चारचौघांत न उच्चारण्याची आजची रीत थेट या गुप्त नावातून आली असे काही जण मानतात. तथापि सूत्रांत चरणाक्षरांचा उल्लेख नाही, त्यामुळे हे नाते सैलच मानणे बरे. मनुस्मृती तर नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळायला सांगते (३.९). रोहिणी, रेवती, चित्रा, स्वाती या नावांच्या मुली महाराष्ट्रात घरोघरी आहेत, म्हणजे हा निषेध लोकांनी मनावर घेतलेला नाही.

काशीनाथ उपाध्ये यांच्या ‘धर्मसिंधू’ या धर्मशास्त्रावरील ग्रंथात (१७९०-९१) देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम व व्यावहारिक नाम असे चार प्रकार सांगितले आहेत. मासनामे कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री या क्रमाने बारा असून त्यांची मोजणी मार्गशीर्षापासून करावी की चैत्रापासून, याविषयी मतभेद आहे.

चरणाक्षरांच्या कोष्टकाला ‘अवकहडा चक्र’ म्हणतात. हे नाव म्हणजे कोष्टकाच्या पहिल्या ओळीतील अक्षरेच होत. अ व क ह ड, म ट प र त, न य भ ज ख, ग स द च ल अशा चार ओळींतील प्रत्येक अक्षर अ, इ, उ, ए, ओ या पाच स्वरांनी चालवले की शंभर अक्षरे होतात. प्रत्येक ओळीच्या वाट्याला सात नक्षत्रे येतात. त्यांतील मधल्या, म्हणजे चौथ्या नक्षत्राला तीन जादा अक्षरे मिळतात: आर्द्रेला घ, ङ, छ, हस्ताला ष, ण, ठ, पूर्वाषाढेला ध, फ, ढ, उत्तराभाद्रपदेला थ, झ, ञ. एकूण ११२, म्हणजे अभिजित धरून २८ नक्षत्रांचे चार-चार चरण. अभिजिताची जू, जे, जो, खा ही अक्षरे वगळली की १०८ उरतात. ही जुळणी पाहिली की रचनाकाराच्या कौशल्याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

पंचांगात यादी अश्विनीच्या चू, चे, चो, ला यांपासून छापतात. चूडामणी, चेदीश, चोळेश, लक्ष्मण ही त्यांची ठरीव उदाहरणे. मूळ मांडणी मात्र कृत्तिकेपासून (अ, ई, ऊ, ए) सुरू होते. तैत्तिरीय परंपरेतील नक्षत्रयादीही कृत्तिकेपासूनच आहे. एवढ्यावरून कोष्टक वेदकालीन ठरवणे धाडसाचे होईल. विंशोत्तरी दशापद्धतीतही (आयुष्याचे ग्रहांनुसार कालखंड पाडण्याच्या पद्धतीत) गणना कृत्तिकेपासूनच होते, आणि अश्विनीपासूनची गणना रूढ झाल्यावरही जुना क्रम काही शाखांनी जपला. गृह्यसूत्रांच्या मौनामुळे उत्तरकालीन उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

ङ, ञ, ण यांपासून नाव सुरू होत नाही, म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यावेत असा नियम आहे. ब आणि श कोष्टकात नाहीत. ते व आणि स यांत धरतात. जोडाक्षर असेल तर त्यातला पहिला वर्ण पाहतात.

बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात. मग ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या खालून-वरून दिले-घेतले जाते, आणि आत्या त्याच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. चंद्र एका चरणात सुमारे सहा तास असतो, त्यामुळे एकाच सकाळी जन्मलेल्या बाळांचे अक्षर बहुधा एकच येते. अलीकडे हाकेचे नावही चरणाक्षरावरूनच शोधण्याकडे कल दिसतो.

जन्मवेळ माहीत नसेल, तर लग्न जुळवताना हाकेच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र ठरवून गुण पाहतात. मूळ पद्धतीत नक्षत्रावरून नाव काढायचे असते. आजोबांचे किंवा कुलदेवतेचे म्हणून ठेवलेल्या नावाला नक्षत्राचा आधारच नसतो, म्हणून अशा गुणमेलनाला या कोष्टकाचा आधार सांगता येत नाही.